खुर्चीच्या उंचीवरून

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

मे महिन्यात आपल्याकडे बागेविषयी कुणी फारसं उत्साहानं बोलत नाही. हंगामी फुलं संपलेली असतात, गुलाबाची फुलं बोराएवढी होतात, आणि आहे ते पाणी कुंड्यांना घालायचं की घरात पुरवायचं हा रोजचा प्रश्न असतो. नेमक्या त्याच महिन्यात, २०२३ साली, मी लंडनमधलं फुलांचं प्रदर्शन पाहायला गेले होते. ‘चेल्सी फ्लॉवर शो’ हे त्याचं नाव. आज त्या प्रदर्शनाविषयी आणि तिथून मी घरी काय आणलं त्याविषयी बोलणार आहे. रोप किंवा बी मी आणलं नाही. तसं आणताही येत नाही. त्यासाठी आधी परवाना काढावा लागतो, तिथल्या सरकारचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. मी आणली ती वहीत लिहिलेली चार-दोन मापं.

आधी थोडं घरचं सांगते. आम्ही नाशिकला राहतो. बैठं घर, मागे वीस बाय तीस फुटांचं परस. ते परस म्हणजे आमच्या ह्यांचं राज्य. बँकेतून निवृत्त झाल्यावर ह्यांनी तिथे बावीस गुलाब लावले. ग्लॅडिएटर, पीस, डबल डिलाइट अशी नावं ह्यांना नातवंडांच्या नावांसारखी पाठ. ऑक्टोबरात छाटणी, जानेवारीत बहर, आणि प्रजासत्ताक दिनाच्या सुमाराला पुण्याला एम्प्रेस गार्डनमधलं प्रदर्शन बघायला एक फेरी, हा ह्यांचा वर्षाचा क्रम.

२०२१ च्या पावसाळ्यात ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं हळूहळू बरंच सुधारलं; पण उजवा हात आणि पाय राहिले ते राहिलेच. घरात व्हीलचेअर आली. मागच्या दाराला तीन पायऱ्या आहेत. त्या तीन पायऱ्यांनी ह्यांची बाग ह्यांच्यापासून तोडली. पहिले काही महिने दोघंजण धरून ह्यांना खाली उतरवत. मग एक दिवस हे म्हणाले, “मला पोत्यासारखं उचलून नेऊ नका.” त्यानंतर खिडकीतून बघणं आणि नंतर नंतर तेही नाही. गुलाब वाळायला लागले. २०२३ च्या मार्चमध्ये मला म्हणाले, “माळ्याला सांग, सगळे उपटून टाक म्हणावं. फरशी घालून घेऊ.”

मी माळ्याला सांगितलं नाही. काही बोललेही नाही.

मुलगा लंडनला असतो. त्यानं आग्रह केला, वन्सं महिनाभर ह्यांच्याजवळ राहायला आल्या, आणि मी गेले. जाताना हे एवढंच म्हणाले, “त्या चेल्सीला जाऊन ये. आयुष्यभर नुसते फोटो बघितले.” म्हणून मी वही घेऊन गेले. काय पाहिलं ते ह्यांना सांगायचं होतं. मनात असंही होतं, की काहीतरी असं नवं दिसेल, की ज्यानं ह्यांचं मन पुन्हा बागेकडे वळेल.

हे प्रदर्शन भरवते ती रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी १८०४ साली स्थापन झालेली आहे. चेल्सीच्या मैदानावर प्रदर्शन भरायला लागलं १९१३ पासून. दोन महायुद्धांत खंड पडला. करोनामुळे २०२० मध्ये ते भरलं नाही आणि २०२१ मध्ये मेऐवजी सप्टेंबरात भरलं. जागा मोठी विलक्षण आहे. नाव रॉयल हॉस्पिटल. पण आपण म्हणतो तसं ते इस्पितळ नव्हे. दुसऱ्या चार्ल्स राजानं १६८२ साली वृद्ध आणि जायबंदी सैनिकांसाठी ती संस्था काढली. आजही तिथे निवृत्त सैनिक राहतात आणि प्रदर्शनात ते लाल कोट घालून फिरताना दिसतात.

आम्ही शेवटच्या दिवशी, शनिवारी गेलो. मी आणि मुलगा दोघंच. पाच वर्षांखालच्या मुलांना तिथे आत सोडत नाहीत, म्हणून सूनबाई नातीला घेऊन घरी थांबली. स्लोन स्क्वेअर स्टेशनवर उतरून दहा मिनिटं चाललं, की फाटक. हवा आपल्या पौषातल्या सकाळीसारखी. ऊन होतं, पण टोचत नव्हतं. तिथला मे आणि आपला मे यांत एवढं अंतर आहे. तिथे दिसलेली पुष्कळशी फुलं आपल्याकडे हिवाळ्यात फुलतात, तीच आहेत. स्वीट पी, लार्कस्पर, पॅन्झी, हॉलीहॉक. ओळखीची माणसं परक्या गावात भेटावीत तसं वाटलं.

आधी मोठ्या मंडपात शिरलो. जवळजवळ तीन एकरांचा मंडप. डेल्फिनियमचे पुरुषभर उंचीचे निळे तुरे, ल्युपिनचे रंगीत मनोरे, क्लेमॅटिसचे वेल, बोन्साय. एका फुलावर एक डाग नाही, एक पान पिवळं नाही. अर्ध्या तासात मी वहीची सहा पानं भरली. मग पाय थबकले. मनात आलं, यांतलं नाशिकच्या उन्हात काय जगणार आहे?

मुलानं मला मागची गंमत सांगितली. ठरलेल्या त्याच आठवड्यात सगळं उमलावं म्हणून रोपवाटिकावाले काही झाडं शीतगृहात ठेवून मागे रेटतात, तर काही ऊब आणि दिवे देऊन पुढे आणतात. हट्टी कळ्यांना केस वाळवायच्या यंत्रानं गरम हवा देतात म्हणे. बाहेर ज्या नमुन्याच्या बागा उभ्या करतात, त्यांतली पुष्कळ झाडं कुंडीसकट मातीत पुरलेली असतात. आठवड्यापुरता संसार. जेमतेम तीन आठवड्यांत उभा करायचा आणि प्रदर्शन संपलं की मोडायचा. लग्नघरच्या मांडवासारखंच ते. मांडवाचं कौतुक करावं, पण तसं घर बांधायला जाऊ नये.

हे ज्यांना नेमकं कळलं होतं त्या बेथ चॅटो नावाच्या बाई. १९७७ पासून चेल्सीला त्यांनी लागोपाठ दहा सुवर्णपदकं मिळवली. त्यांचं म्हणणं एका वाक्यात सांगता येईल: जागा पाहून झाड निवडा. एसेक्स परगण्यात, जिथे वर्षाला वीस इंचांच्या आसपासच पाऊस पडतो, तिथे त्यांनी नव्वदीच्या सुरुवातीला आपल्या जुन्या वाहनतळाच्या जागी खडीवरची बाग केली आणि ती वरून पाणी न घालता वाढवून दाखवली. चेल्सीत सोनं जिंकणारी बाई घरी मात्र पाण्याचा थेंब न मागणारी झाडं लावत होती! मी वहीतली ती सहा पानं मिटली आणि ठरवलं, की आता फुलांची नावं लिहायची नाहीत. मांडणी बघायची.

मग बाहेरच्या बागा पाहिल्या. त्या वर्षी ज्यांना आपण तण म्हणून उपटतो अशा झाडांना बऱ्याच बागांत मानाची जागा होती. एका बागेत पडक्या घराच्या भिंतींतून रानगवत उगवलेलं दाखवलं होतं. मनोज मालदे या भारतीय वंशाच्या रचनाकाराची बाग भडक रंगांच्या भिंतींची होती. आमच्याकडच्या एखाद्या जुन्या वाड्याच्या रंगवलेल्या कोनाड्यांची आठवण यावी अशी. प्रदर्शन चालू असतानाच त्यांनी त्याच बागेत लग्न केलं, असं मुलानं सांगितलं. छानच होतं सगळं. पण माझ्या परसात ते कुठे बसवायचं हे उमगत नव्हतं.

दुपारपर्यंत पाय दुखून आले. एका बागेसमोर ही गर्दी! ‘होरेशोज गार्डन’ असं तिचं नाव; त्या वर्षीची सर्वोत्कृष्ट बाग म्हणून निवडलेली. शार्लट हॅरिस आणि ह्यूगो बग यांनी केलेली. मी टाचा उंचावून पाहिलं. पानापानांची सावली, रानफुलं, दगडांच्या रचलेल्या उतरंडी, मागे लाकडी खोपीसारखं काहीतरी. शांत होती, पण मंडपातल्या निळ्या तुऱ्यांपुढे मला ती जरा फिकीच वाटली.

गुडघा फार ठणकायला लागला, तेव्हा दोरीपाशी जागा मिळताच मी सरळ उकिडवी बसले. मुलगा कुजबुजला, “आई, काय करतेस? लोक बघताहेत.” बघू देत, म्हटलं. आणि मान वर केली तर समोर वेगळीच बाग!

उभ्यानं पाहताना जी फुलं पायाशी विखुरलेली वाटत होती, ती आता डोळ्यांसमोर आली होती. त्या दगडी उतरंडींचे कंगोरे आणि त्यांवरच्या सावल्या तोंडासमोर. वर पाहिलं तर झाडांच्या फांद्यांची जाळी, खालून बघण्यासाठीच जणू विणलेली. वाट रुंद, गुळगुळीत, सलग. एकही पायरी नाही. कुठे खडी नाही.

माझ्या डाव्या हाताला व्हीलचेअरमध्ये एक वयस्क बाई होत्या. माझं डोकं आणि त्यांचं डोकं आता जवळजवळ एका रेषेत होतं. त्या माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, “इथून चांगली दिसते ना?”

ती बाग कुणासाठी केलेली होती ते मग वाचलं. मणक्याला इजा झालेल्या रुग्णांसाठी. होरेशो चॅपल नावाचा एक मुलगा सुटीत इस्पितळाच्या मणक्याच्या विभागात स्वयंसेवक म्हणून जायचा. त्याचे वडील तिथे शल्यविशारद होते. रुग्णांना महिनोन्महिने आत पडून राहावं लागतं, त्यांच्यासाठी बाहेर बाग हवी, ही त्याची कल्पना. २०११ साली, सतराव्या वर्षी, आर्क्टिकमधल्या एका मोहिमेत ध्रुवीय अस्वलाच्या हल्ल्यात तो गेला. घरच्यांनी त्याची कल्पना पुढे नेली. २०१२ मध्ये सॉल्सबरीच्या इस्पितळात पहिली बाग झाली आणि मग इतर ठिकाणी होत गेल्या. चेल्सीत मी पाहिली ती बाग शेफिल्डच्या इस्पितळासाठी होती. प्रदर्शन संपल्यावर ती तिकडे नेऊन उभारली गेली. ती करताना रचनाकारांनी रुग्णांना विचारलं होतं, आणि खाटेवरून, खुर्चीवरून काय दिसतं हे आधी पाहिलं होतं.

मी तिथेच बसून होते. मनात एकच गोष्ट येत होती. दीड वर्षं मी ह्यांना म्हणत होते, “अहो, खिडकीतून बघा ना, पीसला केवढं फूल आलंय!” पण ह्यांच्या खुर्चीतून ते फूल दिसत होतं का, हे मी एकदाही बसून पाहिलं नव्हतं.

चार वाजता घंटा झाली. शेवटच्या दिवशी चारनंतर मांडलेली झाडं विकायला काढतात. एकच झुंबड! माणसाहून उंच तुरे खांद्यावर टाकून बायाबापडे निघाले. स्टेशनपर्यंतचा रस्ता चालत्या झाडांनी भरून गेला. मुलगा म्हणाला, “एखादं घेऊ या, आमच्या गॅलरीत ठेवू.” मी म्हटलं, “तू घे. माझं झालंय.”

घरी परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी हे झोपलेले असताना मी ह्यांच्या व्हीलचेअरमध्ये बसले आणि कामाच्या मावशींना म्हटलं, “मला मागच्या दाराशी न्या.” त्यांना वाटलं, परदेशी जाऊन बाईंना काहीतरी झालं. त्या खुर्चीत बसलं की डोळे जमिनीपासून चार फुटांच्या आत येतात. खिडकीचा कट्टा साडेतीन फुटांचा. त्यावर लोखंडी जाळी आणि जाळीत मीच ठेवलेल्या मनीप्लँटच्या बाटल्या. पलीकडे आभाळ, विजेची तार आणि शेजाऱ्यांची टाकी. बावीस गुलाबांपैकी एकही नाही. हे खिडकीतून बघायचं का थांबले, ते मला त्या दिवशी कळलं.

मग गवंडी बोलावला. आता जी मापं सांगते ती ज्यांच्या घरी असं कुणी असेल त्यांनी जरूर लिहून घ्यावीत. उताराला एकास बारा हे प्रमाण धरतात. म्हणजे एक फूट उंची चढायची तर बारा फूट लांब उतार. आमच्या तीन पायऱ्या मिळून दीड फूट. म्हणजे अठरा फूट उतार झाला. गवंडी म्हणाला, “ताई, सहा फुटांत बसवतो, कशाला जागा घालवता?” सहा फुटांचा उतार म्हणजे घसरगुंडी. खुर्ची वर चढवताना ढकलणाऱ्याचा दम जातो आणि उतरताना बसणाऱ्याचा जीव. अठरा फूट सरळ मावत नव्हता, म्हणून मध्ये पाच बाय पाच फुटांची सपाट जागा सोडून तो काटकोनात वळवला. वाट चार फूट रुंद केली. तिच्यावर गुळगुळीत कोटा न घालता खरबरीत शहाबादी फरशी घातली, कारण पावसात घोटलेली फरशी निसरडी होते. या सगळ्यात नऊ गुलाब हलवावे लागले. त्यांतले चार गेले.

वाटेच्या कडेनं दोन फूट उंचीचे विटांचे वाफे बांधले. खुर्चीतून एका बाजूनं हात पोचतो तो दोन फुटांपर्यंतच, म्हणून रुंदीही तेवढीच ठेवली. त्यांत मरवा, सब्जा, गवती चहा, पानओवा अशी चुरगाळली की वास देणारी झाडं लावली. पलीकडे अबोली, आणि संध्याकाळी अंधारतानाही दिसावीत म्हणून तगर आणि मोगरा. सगळी इथल्या मातीतली. डेल्फिनियमचं नाव काढलं नाही.

ऑगस्टमध्ये एका उघडिपीच्या दिवशी मी ह्यांना म्हटलं, “चला.” हे आले. कुणी उचललं नाही. मदतीला येणाऱ्या मुलानं एका हातानं खुर्ची सोडली. वाफ्यापाशी थांबून ह्यांनी मरवा चुरगाळला, वास घेतला. मी मोठ्या आशेनं बघत होते. हे थोडा वेळ बसले आणि म्हणाले, “छान केलंस. पण मी इथे नुसता बसून काय करू?”

खरं सांगते, मला वाईट वाटलं. दोन महिने राबले होते मी. रात्री विचार करताना लक्षात आलं, की मी जे पाहून आले ती बाग आजाऱ्याला निवांतपणा देणारी होती. महिनोन्महिने इस्पितळाच्या आत पडून राहिलेल्या माणसाला तेच हवं असतं. आमच्या ह्यांना दीड वर्ष निवांतपणाच मिळाला होता. ह्यांना काम हवं होतं. तेही मी ह्यांना न विचारताच ठरवून टाकलं होतं. तिकडे रुग्णांना विचारून बाग केली हे मी वाचून आले, वहीत लिहून आणलं, आणि घरी येऊन तेवढंच विसरले!

सकाळी वही घेऊन ह्यांच्यासमोर बसले. “आता तुम्ही सांगा. मी लिहिते.” हे म्हणाले, “वाफ्याशी मला आडवं बसावं लागतं, गुडघे भिंतीला लागतात. टेबलासारखं कर.” मग कडप्प्याचं टेबल झालं. गुडघे आत जावेत म्हणून खाली सत्तावीस इंच मोकळं आणि वर सहा इंच मातीचा ट्रे. पाणी निघून जायला भोकं. डाव्या हातानं चालेल अशी हलकी कात्री आणली. उरलेले गुलाब मोठ्या कुंड्यांत घालून कट्ट्यावर चढवले, ते ह्यांनीच सांगितलेल्या क्रमानं. खिडकीतल्या बाटल्या मी त्याच दिवशी काढल्या होत्या.

ऑक्टोबरात ह्यांनी छाटणी केली. डाव्या हातानं, एकेका फांदीपाशी थांबत, अकरा दिवस. पूर्वी एका सकाळीत व्हायची. दोन-तीन ठिकाणी डोळ्याच्या वर न कापता खाली कापलं गेलं, तेव्हा स्वतःवरच चिडले. मी गप्प राहिले. जानेवारीत फुलं आली. प्रदर्शनात ठेवावं असं एकही नव्हतं. ह्यांनी त्यांतलं एक पीस डाव्या हातानं कापून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, “खत कमी पडलंय. पुढच्या वर्षी बघू.” मला त्या फुलापेक्षा ते ‘पुढच्या वर्षी’ फार मोलाचं वाटलं.

मंडळी, तुम्हीही कधीतरी फुलांच्या प्रदर्शनाला जाल. चेल्सीलाच जायला हवं असं नाही. आपल्याकडे पुण्याला एम्प्रेस गार्डनमध्ये भरतं, मुंबईला राणीच्या बागेत भरतं. फुलांकडे बघाच, त्यासाठीच तर जायचं. पण ती फुलं सजवून, वेळ साधून आणलेली असतात हे ध्यानात ठेवा, आणि नावांची यादी करण्याआधी दोन गोष्टी करा. एक, वाटेची रुंदी, वाफ्याची उंची, सावली कुठे पडते ते बघा. ते तुमच्या अंगणात येऊ शकतं. आणि दुसरी, एखाद्या बागेसमोर क्षणभर खाली बसा. लोक बघतील, बघू देत. घरात जे लहान मूल आहे, जी म्हातारी आजी आहे, जो खुर्चीतला माणूस आहे, त्याला काय दिसणार आहे ते तेवढ्यात कळतं. आणि घरी आल्यावर मात्र त्याला विचारल्याशिवाय कुदळ मारू नका.

आज सकाळी निघताना हे कडप्प्याच्या टेबलाशी होते. मरव्याच्या काड्या लावत होते. मी म्हटलं, “रेडिओवर तुमच्याबद्दल बोलणार आहे, चालेल ना?” हे म्हणाले, “बोल. पण चार गुलाब तुझ्या गवंड्यानं मारले, तेही सांग.”

ते सांगितलं.